पाचवी तार

कुमासीत वीज गेलेली. दुकानात अंधार,
आणि डुफिए म्हणते, ऐकव.
बाई, बेस गिटार विजेवाचून कशी ऐकवू?

ती हसत नाही. तीन पाच-तारी काढायला लावते,
तिन्ही तिच्या ऐपतीच्या जरा वरच्याच.
पहिली निळी, चकचकीत; मान इतकी रुंद
की तिची करंगळी वाटेतच थकते.
दुसरी हलकी. पण सगळ्यांत जाड तार छेडली की
दोरीवरच्या ओल्या चादरीसारखी नुसती फडफडते.

तिसरी जपानहून आलेल्या कंटेनरमधली,
कुणाच्या तरी सिगारेटनं पोळलेली,
एक बटण गायब. मीच ती मागे सारून ठेवली होती.

डुफिए लाकडाला जबडा टेकवते, डोळे मिटते,
पाचवी तार ओढते.
मला काहीच ऐकू येत नाही.
तिच्या कानातला लोलक मात्र
थरथरत राहतो,
बराच वेळ.

"चर्चमध्ये मागच्या बाकांवर म्हातारे बसतात," ती सांगते,
"ठार बहिरे.
त्यांना तळपायांतून ऐकू जायला हवं."

मग शिलाईच्या पैशांची पुरचुंडी सोडते.
मी दोनदा मोजतो. चाळीस सेडी कमी.

बटणाचे वजा कर, म्हणते.