वहीतली सहा मिनिटं

पालच्या नाक्यावर पहाटे चार वाजून सहा मिनिटांनी
रायलीनं नाडी दुसऱ्यांदा बांधली
आणि मी वहीत लिहिलं : निघाली.

पाल ते तोरणमाळ, सातपुड्याच्या पायवाटांनी,
एकशे एकाहत्तर किलोमीटर.
नाशिकच्या एका इंजिनिअरनं ते
एकोणतीस तास चौदा मिनिटांत कापलेलं.
त्याच्या पायात पंधरा हजारांचे बूट होते म्हणे.
हिच्या पायात चोपड्याच्या बाजारातले,
डाव्याला आतून सायकलच्या ट्यूबचं ठिगळ, मीच लावलेलं.

मी रिटायर शिपाई.
वैजापूरच्या आश्रमशाळेत बत्तीस वर्षं घंटा दिली :
रेल्वेच्या रुळाचा तुकडा आणि एक बोल्ट.
वेळ मला मनगटात कळते.

रायली पाचवीत होती तेव्हा पाड्यावरून यायची.
समोरच्या टेकडीवर सागांमधून तिची लाल फीत
खाली घरंगळताना दिसली
की मी बोल्ट वर धरून थांबायचो.
एक मिनिट. कधी दोन.
हे तिला माहीत नाही.
हेडमास्तरांना माहीत असावं, ते खिडकीतून बाहेर बघायचे
आणि काही बोलायचे नाहीत.

पुढे वनरक्षकाच्या भरतीत ती पहिली आली धावण्यात
आणि उंचीत एका बोटानं राहिली.

तर आता मी एम-ऐंशीवर, जिथं गाडीवाट आहे तिथं पुढे जाऊन
केळी सोलून उभा.
सुकी नदी, मोर नदी. मग मनुदेवीच्या कपारीत
दोन तास ती दिसलीच नाही.
चहावाली म्हणाली, "इतली घाई कसाले व तिले,
कोठे आग लागनी का?"
मी म्हटलं, नाही, चौदा मिनिटं आहेत, ती ओलांडायची आहेत.
तिनं चहाचे पैसे घेतले नाहीत. वेडा समजली असेल.

वैजापूरला दुपारी दोन चाळीस. भोंगऱ्याचा हाट.
मी विसरलो होतो! बत्तीस वर्षं तिथं राहून विसरलो.
रस्ताभर माणूस, गुळाच्या जिलब्या, चांदीचे कडे,
आणि मध्ये ढोल, एवढाले, दोघांनी पेलायचे.
वाट काढणार कुठून?
रायली आली, घामानं मीठ झालेली,
गर्दीला खांदा लावला,
आणि ढोलानं तिला आत घेतलं.
हात कुणाच्या तरी कमरेला गेला, पाय बदलले.
धावणारे पाय वेगळे, हे वेगळे.
मी ओरडलो. घड्याळ दाखवलं.
तिनं बघितलं आणि हसली
आणि अजून एक फेरा घेतला.

वही : ढोल, सहा मिनिटं.

मग अनेर. आग्रा रोडला रात्री ट्रकांची रांग तुटेना,
ती दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून उभी.
बोराडीच्या पुढे उलटी. कळण्याची भाकर, तीही उलटी.
पहाटे कुठल्याशा उतारावर मोहाची फुलं टपटपत होती,
मी झाडाखाली गाडी बंद करून
फक्त तिचे पाय ऐकले : एक जड, एक हलका.
बत्तीस वर्षांत इतका वेळ मी कुणाची वाट पाहिली नव्हती
हाताशी बोल्ट नसताना.

तोरणमाळचा घाट. तलाव.
नऊ वाजून चोवीस मिनिटं.
एकोणतीस तास, अठरा मिनिटं.

पेन माझ्या हातात होतं. आजूबाजूला
एक म्हैस आणि मासे धुणारा पोरगा.
अठराचा आकडा असा आहे
की थोडा हात हलला तर काहीही होतो.
मी नीट काढला. दोनदा गिरवला.

ती पाण्यात पाय सोडून बसली, नख उचकटलेलं.
"किती?"
सांगितलं.
"म्हणजे ढोलाचे सहा वजा केले तर"
"वजा होत नाहीत."
"करूही नका," ती म्हणाली.

मग बराच वेळ काही नाही. म्हैस उठली.
मी विचारलं, आता थंडीत पुन्हा? हाट नसतो तेव्हा?
तिनं भिजलेला बूट उलटा धरला,
ट्यूबचं ठिगळ निघून पाण्यावर तरंगायला लागलं.
"होळीच्या आठवड्यातच," म्हणाली.
"भोंगऱ्याच्याच दिवशी.
तुम्ही वहीत तेवढी जागा सोडून ठेवा."