जाग्यावर

गटशिक्षण कार्यालयातून कागद आला:
चाकांवरचे वीस लॅपटॉप घ्या, जुने संगणक जमा करा,
नाहीतर आहे त्याच कक्षाला नव्या तारा ओढून देऊ.
दोन चौकोन. एकातच खूण करावी.
खाली बारीक अक्षरात: खाडाखोड चालणार नाही.

तिडके सर म्हणाले, मॅडम, तंत्रस्नेही तुम्ही,
तुम्हीच ठरवा. आणि चहा सांगितला.

मी आधी व्हरांडा पायांनी मोजला.
शहाबादी फरशीचे चार तुकडे उखडलेले,
पुढं तीन पायऱ्या, मग उंबरा.
ट्रॉलीची चाकं केवढी, ते कागदात नाही.
महेबूबचाचा म्हणाले, उचलून नेऊ की,
खिचडीचं पातेलं नेतोच ना रोज.
पातेल्याला पोचा आला तर चालतं, चाचा.
पोचा सगळ्यालाच येतो, म्हणाले,
आणि घंटा द्यायला गेले.

मग चार्जिंग. अख्ख्या शाळेत धड खटके पाच,
त्यातला एक पाण्याच्या मोटारीचा.
वीस जणांची ही पंगत
कुठं बसवू, कुणाला आधी वाढू?
पण वडवणीची लाईट गेली
की हेच वीस दोन तास जागे राहतील,
आणि भिंतीचे अकरा तिथल्या तिथं डोळे मिटतील.
हे मी वहीत लिहिलं, खरं तेच.
हेही लिहिलं, की या कक्षापायी
सातवीचा वर्ग तीन वर्षं झाली लिंबाखाली बसतो,
आणि निंबोळ्या पडायला लागल्या
की भागाकार चुकतात.

एवढं झाल्यावर खोली उघडली.
कुलूप हिसका दिल्याशिवाय निघत नाही.
चपला बाहेर. आत गार, बंद वास,
गणवेशाच्या उरल्या कापडातून शिवलेल्या खोळी,
आणि खंडेनवमीचं कुंकू
अजून तीन नंबरच्या कपाळावर.

मी सात नंबरपुढं बसले.
सात नंबर शिवकन्याचा.
असं कुठल्या रजिस्टरात लिहिलेलं नाही.
दिवाळी सरली, टोळीचा ट्रॅक्टर भरायला लागला,
तेव्हा ती पळत आली होती, एका पायात चप्पल.
मॅडम, मपलं चित्र कुणी पुसनार नाही ना?
नाही, म्हणाले. तरी तिनं
पडद्याला बोट लावून बघितलं.

मग पाच महिने तिचं सगळं चाकांवर:
चूल, पिठाचा डबा, धाकटा भाऊ, शेळी.
एका फडातून दुसऱ्या फडात,
एका कोपीतून दुसऱ्या कोपीत.
हजेरीपटात तिच्या नावापुढं
मी पेन्सिलनं रेघ ओढत राहिले.

चैत्रात ट्रॅक्टर आला. घरी जायच्या आधी ती इथं आली,
हातांवर पाचटाचे ओरखडे, केसांत धूळ.
खोळ काढली, नीट घडी घातली, बटन दाबलं.
त्या मशीनला उठायला चार मिनिटं लागतात.
ती उभीच. मी घड्याळाकडं, ती पडद्याकडं.
उघडलं. एक घर, छप्पर लाल,
निळी खिडकी घरापेक्षा मोठी,
दारात कुणी नाही.
हाय, म्हणाली. जाग्यावर हाय.
आणि हसली नाही, काही नाही,
खोळ घालून निघून गेली.

तर मी दुसऱ्या चौकोनात खूण केली.
कारणाचा रकाना दोन ओळींचा.
त्यात चित्र बसत नाही, ट्रॅक्टर बसत नाही.
लिहिलं: उंबरा उंच आहे.
सही केली, शिक्का मारला,
शाई वाळायला फुंकर घातली.

तेवढ्यात खिडकीतून सातवीची हजेरी ऐकू आली.
एकेक नाव, मध्ये वारा,
मध्ये पत्र्यावर एखादी निंबोळी.
शिवकन्या यंदा सातवीत आहे.
तिचं नाव आलं.
हजर, म्हणाली,
लिंबाखालून.