येऊन राहिलो

कळमन्याच्या शेडात पहाटे साडेचारला
प्रतवारीचं मशीन दोनदा किंचाळलं
आणि थांबलं.
पट्ट्यावर काटोलचा मृग बहार, तीन क्रेट,
ना इकडचा ना तिकडचा.

निकेशनं मोबाईलचा कॅमेरा मशीनच्या पाटीवर धरला.
चिनी अक्षरं थरथरली,
पाण्याखालून वर आल्यासारखी मराठी झाली:
फळाला घाबरवू नका.
हात जरा हलला तर:
फळाने घाई करू नये.
"मामा, यातलं खरं कोणतं?"
"दोन्ही खरं धर बे. पट्टा सैल कर आधी."

हे मशीन घ्यायला मी तेरा दिवस ह्वांगयानला होतो.
खाली फांगचा कारखाना, वर त्याचं घर,
भोवती डोंगरभर संत्री,
लहान, पातळ सालीची,
आपल्या संत्र्याची मावसबहीण शोभावी अशी.
चिनीचा एक शब्द येत नव्हता मला.
फोन होता.

पहिल्या दिवशी म्हणालो, आंबिया बहार, सहा टन.
फांगनं वाचलं, मला खालून वर पाहिलं.
उत्तर आलं: हे यंत्र आंब्यासाठी नाही,
आणि वसंताला अजून अवकाश आहे.
शेवटी त्यानं खिशातून एक संत्रं काढलं, टेबलावर ठेवलं,
मी बोट ठेवलं त्याच्यावर.
तिथून सौदा सुरू झाला.

मग शिकलो मी फोनशी बोलायला.
हाव नाही, काहून नाही, बाप्पा तर नाहीच;
भाकरे मास्तरांपुढे उभा असल्यासारखा,
कर्ता, कर्म, क्रियापद.
पण भुकेला व्याकरण नसतं.
एका संध्याकाळी जिन्यातूनच ओरडलो,
"थांबा माय, येऊन राहिलो!"

फांगच्या आईनं फोन हातभर लांब धरून वाचला.
काहीतरी बोलली.
बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात फोन म्हणाला:
आपण आलात आणि राहिलात. उत्तम आहे.
मी तांदूळ वाढवते.

आणि वाढवले खरंच.
दुसऱ्या दिवशी खिडकीजवळच्या खाटेवर
आणखी एक रजई आली.
मी दुरुस्त केलं नाही.
कसं सांगणार होतो, की आमच्या नागपुरात
सगळे राहूनच राहिलेले असतात,
जेवून राहतात, भांडून राहतात, पळून राहतात,
आणि थांबलेलं कोणीच नसतं.

एका रात्री तिनं स्वतःच फोन ओढून घेतला.
चार मिनिटं बोलली.
संत्रं सोलता सोलता मधेच हात थांबले,
पुन्हा सुरू झाले.
फोननं बराच विचार केला
आणि एवढंच दिलं:
त्या वर्षी थंडी होती.
मी म्हणालो, हाव.
तिनं मान हलवली.
हे एक भाषांतर मला अजून पुरत नाही.

निघताना "येतो" म्हणायचं ठरवून ठेवलं होतं,
तोंडातून निघालं ते "जाऊन राहिलो".
आपण गेलात आणि राहिलात, असं वाचलं असणार तिनं.
फोन ओट्यावर पालथा ठेवला,
माझ्या पिशवीत आठ संत्री भरली.
ती विमानतळावर काढून घेतली.

आता निकेशनं व्हिडिओ लावलाय.
तिकडे सात वाजलेत,
फांगच्या तोंडात दात घासायचा ब्रश.
निकेश फोनला सांगतोय, पट्ट्याला ताण आहे,
फोन विचारतोय, कोणाला चिंता आहे?
मागून कोणीतरी भांडं घेऊन जाताना थबकलं,
पडद्याकडे वाकलं, काही म्हणालं.
अंतर जास्त. फोनच्या कानावर पडलं नाही.

"काय म्हणल्या त्या?"
"तांदळाचं काहीतरी," मी म्हणालो.
"तू स्क्रू फिरव."
पट्टा हलला.
पहिलं संत्रं घरंगळत
तीन नंबरच्या खोक्यात गेलं.
खरं तर दोन नंबरचं होतं ते.