समुद्रसपाटीपासून नऊ मीटर

आमच्या फेरारात चढ म्हणून नाही.
पास्ता लाटायच्या फळीसारखं सपाट गाव,
वर धुक्याची पिठी.
अशा गावात लेआर्कोनं सायकलीला
उंची मोजायचं यंत्र बसवलं.
एकशे चाळीस युरो.
मी म्हटलं, कशाला?
म्हणाला, आपण कुठे आहोत ते कळायला नको?

नऊ मीटर.
बेकरीपाशी नऊ, दवाखान्यापाशी नऊ,
किल्ल्याच्या खंदकाला वळसा घालून आला, तरी नऊ.
गुरुवारी मात्र पो नदीच्या बांधावर चढतो
आणि तिथून फोन करतो, धापा टाकत:
"इव्होन, सतरा!"
जसं काही आल्प्स सर केलं.
मी कांदा चिरत असते.
शाब्बास, म्हणते, येताना अंडी आण.

संध्याकाळी गॅरेजात अ‍ॅम्प्लिफायर तापतो.
काचेच्या चार नळ्या, आत तांबूस उजेड.
त्यांच्याकडे तो जसा बघतो
तसं माझ्याकडे बघितल्याचं
मला तरी आठवत नाही.
गाणं ऐकतो म्हणावं, तर तेही नाही.
क्लॅरिनेटची एकच तबकडी लावतो
आणि बोट वर करून थांबतो.
"आता. आता ऐक. वाजवणाऱ्यानं श्वास घेतला."
खरंच घेतो कुणीतरी,
साठ वर्षांपूर्वी, घाईत, नाकातून.
सूर माझ्या लक्षात राहत नाहीत.
श्वास राहिलाय.
फरशी पुसताना त्या जागेला
माझाही हात थांबतो.

नवी वस्तू आली की जुनी जाते,
असं आमच्या घरात होत नाही.
टायरची हवा मोजणारं एक आहे,
मोजता मोजता निम्मी हवा सोडून देतं.
तेही आहे. असू दे म्हणतो.

नाताळनंतर फोटो काढले,
म्हणजे पनेत्तोनेच्या खोक्यांतून बाहेर काढले.
एकेक काचेवर पालथा घालायचा,
खालून हिरवा उजेड सरकतो,
आणि साखर कारखान्याच्या फाटकाशी उभा असलेला
त्याचा भाऊ व्हाइनर
स्वयंपाकघरातल्या पडद्यावर येतो.
यंत्र चेहरे ओळखतं म्हणे.
आत्या ओरिएले आणि आमचे पाद्रीबुवा
त्यानं एकच ठरवले.
हसून हसून मला बसावं लागलं.

मग परवा.
एकीकडे मी, बावीसची, कोमाक्कियोच्या पुलावर,
वाऱ्यात झगा सावरत.
दुसरीकडे मी, ह्याच ईस्टरची,
दाढ काढलेली, गाल सुजलेला.
खाली प्रश्न: ही एकच व्यक्ती आहे का?
होय. नाही.
त्याचं बोट अधांतरी.
तेच बोट, श्वासासाठी वर करतो ते.
मी दारात होते, हातात अर्धा भोपळा.
त्याला माहीत नव्हतं.
बराच वेळ गेला.
माझ्याकडे मोजायला काही नाही,
पण गेला.
मग त्यानं कोपऱ्यातलं तिसरं बटण शोधलं:
नंतर विचारा.

बावन्न वर्षं झाली लग्नाला.
राग यायला हवा होता. आलाही, थोडा.
रात्री भोपळ्यात मीठ जास्त पडलं.
तो काही बोलला नाही,
दोनदा वाढून घेतलं.

आज पहाटे समोरचं चर्चसुद्धा दिसत नव्हतं.
मी त्याची सायकल काढली.
का, ते मला विचारू नका.
सीट उंच, पाय जेमतेम पोचत होते,
हातमोजे विसरले.
रस्ता आवाजावरून ओळखत गेले:
दगडी फरशी, डांबर, मग ओली माती.
बांधावर चढले तेव्हा नदी नव्हतीच,
नुसता खाली कुठेतरी खळखळाट,
आणि हँडलवर तो हिरवा आकडा.

फोन लावला.
"लेआर्को, अठरा."
पलीकडे काही नाही.
मग त्यानं श्वास घेतला. घाईत, नाकातून.
"शक्यच नाही," म्हणाला. "सतराच असणार.
हलू नकोस तिथून, मी येतो बघायला."

येतो म्हणे.
कशावर येणार?