सिग्नल नाही

मेच्या अठरा तारखेला धुळीचं वादळ आलं,
पाचच मिनिटं होतं,
आणि ‘तापीदर्शन’च्या बारा घरांत
(जिथून तापी कधीच दिसली नाही)
एकाच वेळी एकच ओळ उमटली:
सिग्नल नाही.

मी छत्तीस वर्षं सिग्नल खात्यात, भुसावळ यार्डात.
तिथे दिवा विझला तर वही असते.
किती वाजता विझला, कुणी पाहिलं, कुणाला कळवलं,
कोण गेला, किती वाजता पुन्हा लागला.
खाली सही.

इथे जिन्यात मीटिंग भरली.
वाणी वकील म्हणाले, गच्चीवरची छत्री सोसायटीची,
घरातली वायर ज्याची त्याची.
आणि भिंतीतली? भारंबे वहिनींनी विचारलं.
वकील भिंतीला हात लावून बघत राहिले.
भिंत रात्री नऊलाही तापलेली.
खालचे लोकुमल म्हणाले, माझं दुकान आहे, मी कशाला देऊ.
फिरक्यांनी खिडकीला स्वतःची छत्री केव्हाच ठोकलेली,
ते चहाचा कप घेऊन नुसते ऐकायला आले.
भाडेकरू म्हणाले मालकाला विचारा.
मालक पुण्याला.
अत्तरदे म्हणाले, बोल्ट सगळ्यांचे,
पण भोकं माझ्या छताला, गळतं माझ्या देवघरात,
त्याचं आधी बोला.

अठराशे पन्नास भागिले बारा,
एकशे चौपन्न रुपये सोळा पैसे.
अर्धा तास सोळा पैशांवर गेला.

अकरा दिवस.
दुसऱ्या मजल्यावर सरोदे गुरुजी अर्धांगाने आडवे,
निळ्या पडद्याकडेच बघत होते
बातम्या लागल्यासारखे.

बाराव्या दिवशी पहाटे पाना घेऊन मी गच्चीवर गेलो.
रागाने गेलो, हे कबूल करतो.
छत्री मान टाकून डांबराकडे बघत होती.
टाकीच्या मागे, जिथे कुणी जात नाही,
पांढऱ्या ऑइलपेंटात, बारीक ब्रशने,
सुबक अक्षर:

*१४ जून. नट बदलला.*
*३ ऑक्टो. माकडं. सरळ केली.*
*२२ मे. वारा. मागे विटा लावल्या.*
*९ जुलै. वायर कुरतडलेली. जोडली.*

सात वर्षांचं. प्रत्येक ओळीपुढे सि. त.

सिकंदर तडवी, नऊ नंबर, भाडेकरू.
नंबरप्लेटा रंगवायचा.
मार्चमध्ये यावलला गेला.
जाताना पाण्याच्या थकबाकीचे म्हणून
दोनशे रुपये आपण त्याच्याकडून जास्तीचे घेतले.
पावती मीच फाडली होती.

आपल्याला वाटायचं, छत्री आपोआप राहते.

फोन लावला. तो हसला. म्हणाला,
“नाना, दीपनगरची चिमणी दिसते का?
तिच्या जरा उजवीकडे. बोटभर.
मग एकट्याने नका करू, एकट्याने होत नाही ते.
मी माझ्या पोराला जिन्यात उभं करायचो.”

म्हणून हाक मारली.
भारंबे वहिनी तिसऱ्याच्या वळणावर उभ्या राहिल्या,
दुसऱ्यावर अत्तरद्यांची मुलगी, दात घासत,
आणि गुरुजींच्या दारात, का कोण जाणे, लोकुमल.
मी बोटभर हलवायचो.
आलं का?
आलं का?
आलं का भो?
खालून उलट्या पायऱ्यांनी वर यायचं: नाही.
नाही.
नाही हो नाना.
ऊन टाकीवर चढलं, पाना हाताला भाजू लागला.
आलं, गेलं, मुंग्या आल्या, थांबा थांबा थांबा,
आणि मग काहीच आलं नाही थोडा वेळ,
मी पाना तसाच धरून,
आणि मग दोन मजल्यांखालून
गुरुजींच्या टीव्हीवरचं हवामान ऐकू आलं,
भुसावळ सेहेचाळीस पूर्णांक दोन.

नट मी आवळला.
त्याच्या शेवटच्या ओळीखाली पेन्सिलीने तारीख टाकली.
पेन्सिल पावसात जाईल, माहीत आहे.

वर्गणी अजून सात घरांची यायची आहे.
वाणी वकिलांनी दीडशे दिले, चार रुपये सोळा पैसे बाकी.
काल रात्री व्हाउचर बुक उघडलं.
नाव: सिकंदर तडवी. रक्कम: दोनशे, परत.
‘कारण’च्या रकान्यात काय लिहावं
ते अजून ठरत नाही.