शिसं भरायची जागा

सत्तावीस वर्षं मी जिंतूरच्या बाजारात
लोकांची वजनं उलटी करून पाहिली.
पारड्याच्या बुडाशी चिकटवलेली चिंच
नखानं खरवडली, वासावरून सांगितलं
औंदाची की गेल्या सालची.
मोंढ्यातल्या एका अडत्याचं पाच किलो
आतून पोखरलेलं निघालं, तर तो म्हणाला,
साहेब, उंदरानं खाल्लं असंल.
लोखंड?
मी पावती फाडली. दोघंही हसलो.

चोर होते, पण बोटाला लागत होते.

वजनाच्या पोटात एक भोक असतं.
त्यात शिसं वितळवून ओततात,
शिशावर छाप मारतात, साल आणि तिमाहीचं अक्षर.
मुनीर तांबोळी हे काम करतो,
त्याचा आजा निजामाच्या काळी शेर दुरुस्त करायचा.
खोटं करायचं तर आधी ते शिसं उकरावं लागतं
आणि उकरलेलं दिसतं.
एवढंच काय ते माझं शास्त्र.

परवा पंचफुला घुगे आली, वसतिगृहात भाकरी थापते.
दोन मोबाईल घेऊन. एक तिचा, काचेला तडा गेलेला,
दुसरा शेजारच्या गुरुजींच्या बायकोचा.
वाफ द्यायचं मशीन, नातवाच्या दम्यासाठी.
दुकान एकच, मशीन तेच.
गुरुजीनबाईंना चौदाशे दहा.
तिला एकोणीसशे साठ.
"रातच्याला पावणेदोनला तीनदा बघितलं साहेब,
लेकराची छाती शिट्टी वाजवायली होती.
पयल्यांदा पंधराशे होतं.
मी बघायले अन् ते वाढायलं.
त्याला कसं कळलं, मला किती नड हाय ते?"

मशीन तपासलं असतं तर काहीच सापडलं नसतं.
खोक्यावर पत्ता, तारीख, कमाल किंमत, सगळं जागच्या जागी.
माल खरा होता.
पारड्यात माल नव्हताच.

पारड्यात ती होती.
काचेचा तडा, पावणेदोनची वेळ,
तीनदा उघडलेलं तेच पान,
हे कुणीतरी, म्हणजे कुणीच नाही,
चिमटीनं उचलून गुंजागुंजानं जोखलं होतं
आणि काटा हललेला कुणाला दिसला नव्हता.

टपरीवर दोन पंच बसवले,
मुनीर आणि चहावाला गंगाराम.
दोन्ही मोबाईल शेजारी शेजारी, मध्ये माझा कागद.
"पंचांसमक्ष पाहता" एवढं लिहून होईतो
दोन्हीकडं पंधराशे पन्नास.
गंगाराम म्हणाला, सही कशावर करू?
मुद्देमाल डोळ्यांदेखत सुधारला होता.

वर लिहिलं. चार महिन्यांनी वरून आलं:
सदर बाब वजने व मापे या संज्ञेत बसते किंवा कसे
याबाबत मार्गदर्शन मागविण्यात आले आहे.
सोबत नव्या नियमांचा मसुदा, अभिप्रायार्थ.
त्यात होतं, स्वयंचलित प्रणालीने
ग्राहकाशी न्याय्य वर्तन करावे.
करावे.
शाळेत याला विध्यर्थ म्हणायचे.
मी अभिप्राय लिहिला: रात्री पावणेदोनला कोण तपासणार?
मग खोडला. मग पुन्हा लिहिला.

पंचफुलानं मशीन एकोणीसशे साठलाच घेतलेलं,
त्याच रात्री.
"मंग काय, भाव उतरायची वाट बघू?"
ती दोन्ही मोबाईल पदरात गुंडाळून गेली.

मुनीर शेगडीवर पळी धरून बसला होता.
शिसं आधी सुरकुततं, मग एकदम आरसा होतं.
म्हणाला, साहेब, त्याला भोक कुठं असतंय?
म्हटलं, धर जरा.
थिजू देऊ नको.