पेशंट रेस्टलेस

खानापूर स्टँडवरून सहा-चाळीसची बस.
कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट फाडतो,
विचारतो, "कॉलेजा?"
मी म्हणते, "हौदु."
माझ्या पांढऱ्या होत चाललेल्या भांगाकडे एकदा बघतो
आणि पुढच्या सीटकडे सरकतो.

घरी सासूबाई म्हणाल्या,
"जा गं, मी थापतो की भाकऱ्या.
पर नापास होऊन येऊ नको, गल्लीत सांगून ठेवलोय."
नवऱ्यानं विचारलं, "पगार किती वाढंल?"
आणि मोबाइलवर हिशेब करत बसला.

पहिल्या आठवड्यात फिलोमिना मॅडमनी कागद वाटले :
नोकरी असताना परत का शिकता?
दहा ओळींत लिहा.
मी लिहिलं, प्रमोशन.
मग लिहिलं, डिप्लोमावाल्यांचं पुढं काही खरं नाही, असं सगळ्या म्हणतात.
मग, मुलगी बारावीला आहे, तिला अभ्यासात सोबत.
शेजारी महानंदा हुक्केरी कन्नडात पुटपुटत
इंग्रजीत लिहीत होती.
तिचीही पहिली ओळ प्रमोशनच.
आम्ही हसलो, मॅडमनी बघितलं,
दोघींनी पटकन माना खाली घातल्या.
एकोणीस वर्षं वॉर्ड सांभाळलेल्या दोन बायका.

सहा ओळी झाल्या. चार उरल्या.

जांबोटीकडची भागीरथी.
बाळंत होऊन दोन तास झालेले.
बीपी ठीक. अंगावरून जाणंही बेताचंच.
पण चादर ओढत होती, सोडत होती,
पुन्हा ओढत होती,
आणि म्हणत होती, बाई, खिडकी उघडा.
खिडकी उघडीच होती.

मी केस-पेपरवर लिहिलं : पेशंट रेस्टलेस.
डॉक्टरांना फोन लावला.
"रेस्टलेस म्हणजे? नक्की काय?"
"सर, मला बरं दिसत नाही."
"सिस्टर, दिसणं राहू दे. फाइंडिंग सांगा."
त्यांच्याकडं टीव्हीवर मॅच लागलेली.
माझ्याकडं मनगट होतं, बोटांखाली पळणारं,
आणि तोंडात शब्द नव्हता.

नाही, ती मेली नाही.
अशा गोष्टीत कुणीतरी मरावंच लागतं
असं ऐकणाऱ्याला वाटतं.
मोठे डॉक्टर विसरलेला चष्मा न्यायला आले,
जाता जाता तिच्याकडं बघितलं
आणि थिएटरकडं ओरडत धावले.
रक्त आतल्या आत साठलं होतं.

आता दर मे महिन्यात ती फणस घेऊन येते.
"सिस्टर, तुमच्यामुळं वाचलो."
मी घेते. नाही म्हणायचं तरी कसं?
चिरताना हाताला तेल लावते,
तरी चीक राहतोच,
दोन-तीन दिवस, नखांच्या कडेला.
चष्म्याची गोष्ट मी तिला अजून सांगितलेली नाही.

परवा वर्गात मॅडमनी फळ्यावर यादी लिहिली.
रक्त आत वाहत असताना
बीपी पडायच्या आधी काय दिसतं.
पहिल्याच नंबरला : रेस्टलेसनेस.
दुसऱ्या नंबरला, पळणारी नाडी.
खडू पुढं जात राहिला.
मी तिथंच.

म्हणजे बरोबर होतं.
मी लिहिलेलं बरोबर होतं.
अकरा वर्षं मी ज्या शब्दाची लाज धरली
तो पुस्तकात पहिला होता,
आणि कुणी 'म्हणजे काय' विचारल्यावर
त्याच्या मागं उभं राहायला
मला दोन वाक्यं कमी पडली होती.

महानंदानं कोपर मारलं. "एनातु?"
मला मराठीतही सांगता आलं नाही,
कन्नडातही नाही.
तिनं पाण्याची बाटली पुढं केली.

तास संपल्यावर मॅडमकडं तो कागद परत मागितला,
म्हटलं, चार ओळी राहिल्यात.
त्या म्हणाल्या, आता नाही, मार्क दिलेत.
दहापैकी सहा.

परतीच्या बसमध्ये देसूर गेल्यावर
माझ्या शेजारची खिडकी उघडीच होती.
तरी मी ती एकदा
हातानं सरकवून बघितली.